एकच बाकी, तीन निकाल

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात आम्ही जुनी मंडळी नव्याने आलेल्या तरुणांना जो फुकटचा उपदेश करत असतो, त्यात एक वाक्य हमखास असते. "कार्ड खुशाल वापर, पण दर महिन्याला बिल पूर्ण भरून टाक, म्हणजे स्कोर उत्तम राहील." मी स्वतः हे वाक्य निदान पंचवीस वर्षे ऐकवत आलो आहे. ते निम्मेच खरे आहे हे मला २०२३ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चाने कळले.

न्यू जर्सीतले मोठे घर विकून आम्ही दोघे मुलीजवळ नॉर्थ कॅरोलायनात लहान घर घेत होतो. त्याच सुमारास धाकटीचे लग्न झाले. हॉल, फुले, भारतातून आलेल्या पाहुण्यांची तिकिटे असा १३,२०० डॉलरचा खर्च मी एकाच कार्डावर टाकला, कारण त्या कार्डावर विमानाचे माइल्स मिळत होते. (मराठी माणूस लग्नातही माइल्स सोडत नाही.) कार्डाची मर्यादा १५,००० होती. महिन्याच्या ८ तारखेला स्टेटमेंट निघाले, २० तारखेला गृहकर्जासाठी आमचे रिपोर्ट काढले गेले, आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी, मी नेहमीप्रमाणे पै न पै भरली. व्याज शून्य, दंड शून्य. या देशात आल्यापासून एकही बिल उशिरा गेलेले नाही.

तरीही स्कोर घसरला होता. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जो आकडा मी कौतुकाने पाहत असे, तो ८०५ वरून ७४८ झाला. दुसऱ्या एका कार्डाच्या संकेतस्थळावर तोच मी ७२२ होतो. आणि कर्ज देणाऱ्याकडे माझे तीन आकडे आले, त्यांतला मधला होता ७३४. हिचा मधला आकडा ७२८. दोघांच्या नावाने कर्ज असले की दर ठरवताना कमी आकडा धरतात. हप्त्याचा हिशेब पाहिला, तर तीन लाखांच्या कर्जावर सुरुवातीलाच अडीच हजार डॉलरच्या आसपास फरक पडत होता.

पैसे होते, ते भरलेही गेले, हे सगळ्यांना मान्य होते. मग तीन ठिकाणी तीन निकाल का? निवृत्त माणसाकडे वेळ असतो. मी हा विषय एखाद्या ग्रंथासारखा वाचायला घेतला, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या ग्रंथाचे परीक्षण समजावे.

आधी एका शब्दाविषयी. इंग्रजीत बचत खात्यात उरलेला पैसाही 'बॅलन्स' आणि कार्डावर देणे असलेला पैसाही 'बॅलन्स'. आपल्याकडे पहिल्याला शिल्लक म्हणतात आणि दुसऱ्याला बाकी. वाण्याच्या वहीत नावापुढे बाकी लिहिलेली असणे आणि घरात शिल्लक असणे यांतला फरक आपल्या आजीला कुणी शिकवावा लागला नाही. पण बाकी म्हटले की आपल्या मनात येते ती थकबाकी, मुदत उलटून गेलेली. इथली गोची अशी की कार्डाच्या जगात मुदतीच्या आतली, अजून देय न झालेली रक्कमसुद्धा बाकी म्हणूनच ब्यूरोकडे जाते. बहुतेक कार्ड कंपन्या स्टेटमेंट निघते त्या दिवशीचा आकडा कळवतात. बिल भरण्यासाठी कायद्याने निदान २१ दिवसांची मुदत द्यावी लागते, पण तोवर फोटो काढून झालेला असतो. तुम्ही नंतर पूर्ण भरलेत, हे त्या फोटोत दिसण्याचा प्रश्नच नाही.

त्या फोटोत पाहतात काय, तर मर्यादेच्या किती टक्के रक्कम वापरली गेली ते. याला 'युटिलायझेशन' म्हणतात. माझी तीन कार्डे मिळून मर्यादा ३०,००० आणि बाकी १३,५००, म्हणजे ४५ टक्के. पण त्या एका कार्डावर ८८ टक्के. हिशेब दोन्ही पातळ्यांवर होतो, सगळ्या कार्डांचा मिळून आणि एकेका कार्डाचा वेगळा. हाच १३,२०० चा खर्च तिन्ही कार्डांवर वाटून टाकला असता तर आकडा इतका खाली गेला नसता. माझ्या पतीत त्यामुळे काय फरक पडला असता? काहीही नाही. फक्त माइल्स कमी मिळाले असते.

हा ग्रंथ लिहिला कुणी? बिल फेअर हे इंजिनियर आणि अर्ल आयझॅक हे गणिती, या दोघांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली. तीच पुढे फायको. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, बँक ऑफ अमेरिकाने फ्रेझ्नो गावात ६०,००० लोकांना न मागता कार्डे पाठवली आणि आजच्या कार्डयुगाची सुरुवात झाली. तरी सर्वांसाठी एकच असा फायको स्कोर आला तो १९८९ मध्ये. १९९५ मध्ये फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाच्या दोन मोठ्या संस्थांनी तो स्वीकारला आणि मग या देशात त्याच्यावाचून पान हलेना. गंमत म्हणजे ज्याच्यावर लिहिले आहे त्यालाच तो दाखवत नसत. ग्राहकाला स्वतःचा आकडा विकत का होईना पण सहज पाहता येऊ लागला तो २००१ पासून.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्कोरपूर्वीचे जग काही रामराज्य नव्हते. बँकेचा अधिकारी तुमचा चेहरा, आडनाव, उच्चार आणि वस्ती पाहून मत बनवत असे. बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज नाकारण्यावर बंदी घालायला १९७४ चा कायदा यावा लागला. यंत्राला माझे आडनाव उच्चारता येते की नाही याने काही बिघडत नाही. धर्म, वंश, मूळ देश, विवाहित की अविवाहित, यांतले काहीही स्कोरमध्ये धरता येत नाही. आपल्यासारख्या परक्या नावाच्या माणसांना याचा फायदाच झाला आहे, आणि जे लोक स्कोरवर सरसकट आग पाखडतात त्यांच्याशी मी सहमत नाही. मर्यादेच्या टोकापर्यंत कार्ड वापरणारा माणूस पुढे हप्ते चुकवण्याची शक्यता अधिक, हे निरीक्षणही खोटे नाही. तक्रार आहे ती त्या निरीक्षणाच्या वाचनपद्धतीबद्दल.

फायकोने स्वतः जाहीर केलेल्या वाटणीनुसार स्कोरचा ३५ टक्के भाग वेळेवर भरण्याच्या इतिहासाचा आणि ३० टक्के देण्याच्या रकमेचा, ज्यात हे युटिलायझेशन मोठे. पण फायको नावाचा एकच स्कोर नाही. २००९ चा फायको ८ कार्डांच्या जगात सर्वांत जास्त चालतो, आणि एखाद्या कार्डावर जास्त बाकी असेल तर तो आधीच्या आवृत्त्यांहून अधिक नाक मुरडतो. माझे ७२२ त्याचेच. गृहकर्जवाल्यांनी मात्र माझ्यासाठी वापरल्या त्या त्याहूनही जुन्या आवृत्त्या: इक्विफॅक्सकडे फायको ५, ट्रान्सयुनियनकडे फायको ४, एक्सपीरियनकडे फायको २. घरातला टीव्ही दर आठ वर्षांनी बदलणाऱ्या देशात घराचे कर्ज सुमारे वीस वर्षे जुन्या यंत्रावर तोलले जात होते. अ‍ॅपमधला आकडा तर फायकोचा नव्हताच. तो व्हँटेजस्कोर ३.०, म्हणजे २००६ मध्ये तिन्ही ब्यूरोंनी मिळून उभा केलेला प्रतिस्पर्धी. दोघांची पट्टी ३०० ते ८५० अशी एकच असल्याने आपल्याला वाटते की दोन्ही एकाच मापाने मोजतात. मोटारीच्या कर्जासाठी आणि कार्डांसाठी फायकोच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यांची पट्टी तर २५० ते ९०० आहे. आपल्या तरुण मुलांना फुकट अ‍ॅपमधला आकडा मित्रांना दाखवताना पाहिले की मला शाळेतल्या चाचणी परीक्षेचे गुण बोर्डाचे म्हणून मिरवणारा मुलगा आठवतो.

या सगळ्या आवृत्त्यांत एक साम्य आहे. बाकीच्या बाबतीत त्यांना स्मरणशक्ती नाही. उशिरा भरलेले बिल रिपोर्टवर सात वर्षे राहते, मोठे दिवाळे दहा वर्षे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली अशी परंपरा आहे. इथल्या नदीला एक चुकलेला हप्ता पचवायला सात वर्षे लागतात. पण बाकी मात्र पुढच्या महिन्यात नवा आकडा गेला की पुसली जाते. दहा वर्षे पूर्ण बिल भरणारा मी आणि दहा वर्षे किमान रक्कम भरून व्याजात बुडालेला माझा शेजारी, दोघांच्या कार्डावर स्टेटमेंटच्या दिवशी १३,२०० असतील, तर जुना फायको त्या ओळीपुरते आम्हा दोघांना एकच समजतो. कार्डाच्या धंद्यात पूर्ण बिल भरणाऱ्याला गमतीने 'डेडबीट', म्हणजे बुडवा, म्हणतात, कारण त्याच्यापासून व्याज मिळत नाही. तेव्हा आमच्यासारख्यांचे कौतुक करण्याची घाई कुणाला असेल असे नाही.

आणखी विचित्र म्हणजे उपाय उपलब्ध होता. फॅनी मेने स्वतःच्या संगणकीय छाननीत २०१६ पासून गेल्या २४ महिन्यांत कार्डावर किती बाकी होती आणि किती भरली हे पाहायला सुरुवात केली. म्हणजे माझी फाइल ज्या टेबलावर होती त्याच टेबलावरचे एक यंत्र मी पूर्ण भरणारा आहे हे जाणत होते. पण दर ठरतो स्कोरच्या कोष्टकावर, आणि ते कोष्टक २० गुणांच्या पायऱ्यांचे: ७२०, ७४०, ७६०, ७८०. मी तीन पायऱ्या खाली उभा होतो, आणि वरच्या मजल्यावर माझी कीर्ती बरी होती.

आता हिच्या ७२८ विषयी, कारण आपल्या घरांत हा भाग सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. हिच्याकडे असलेली दोन्ही कार्डे माझ्या खात्यावरची, हिचे नाव 'ऑथोराइज्ड युजर' म्हणून. अशा वेळी पूर्ण खाते तिच्याही रिपोर्टवर दिसते, मर्यादेसकट आणि बाकीसकट. लग्नाचा खर्च एकदाच झाला, पण बाकी दोन माणसांच्या नावावर लागली. आम्ही तिला कार्ड दिले तेव्हा तिचा इतिहास तयार व्हावा असा उदात्त हेतू होता, आणि तो खराही ठरला होता. पण तो इतिहास उसना. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच दुकानाची कार्डवही, ५०० डॉलर मर्यादेची. उद्या माझे काही झाले तर माझी खाती बंद होतील आणि चाळीस वर्षे घर चालवलेल्या बाईच्या हाती ५०० डॉलरची पत उरेल. मंडळातल्या किती घरांत हीच स्थिती आहे ते मी विचारून पाहिले. उत्तरे ऐकून दोन-तीन घरांत त्याच रात्री नवऱ्याबायकोचे बोलणे झाले, असे कानावर आले. बरे झाले.

२०१७ चा व्हँटेजस्कोर ४.० आणि २०२० चा फायको १० टी या दोन नव्या आवृत्त्या फोटोऐवजी चित्रपट पाहतात. मागचे २४ महिने बाकी वाढत होती की घटत होती, बिल पूर्ण भरले की किमान, हे त्यांत येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये गृहकर्जावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने या दोन्हींना मान्यता दिली, आणि जुलै २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्यांना व्हँटेजस्कोर ४.० वापरण्याची मुभा जाहीर केली. माझ्यासारख्याला हा न्याय वाटतो. २०२३ मध्ये मला चित्रपटवाल्याने वाचले असते तर लग्नाचा महिना हा एका महिन्याचा प्रसंग म्हणून त्याला कळला असता.

पण मी माझ्या जागेवरून उठून दुसऱ्या खुर्चीत बसून पाहिले, तेव्हा इतकी खात्री राहिली नाही. आपल्या मंडळात एच-वन व्हिसावरची पुष्कळ मुले आहेत. नोकरी गेली की त्यांना दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. त्या काळात भाडे, विमा, वाणसामान कार्डावर जाते, आणि नोकरी मिळाली तरी बाकी उतरायला वर्ष लागते. असा मुलगा शेवटी सगळे फेडून मोकळा झाला की जुना, विस्मरणशील फायको पुढच्याच महिन्यात त्याची पाटी कोरी करतो. नवा चित्रपटवाला मात्र दोन वर्षांचा पट पाहतो, आणि त्यात चढत गेलेली बाकी ठळक दिसते. ती का चढली हे चित्रपटात नसते. स्कोरला पगार कळत नाही, नोकरी गेलेली कळत नाही, आजारपण कळत नाही. माझा जो दोष म्हणून मी विसराळूपणा मोजला, तोच त्या मुलाच्या बाबतीत क्षमाशीलता ठरतो. दोन वाचकांपैकी चांगला कोण, याचे उत्तर वाचला जाणारा माणूस कोण यावर ठरते.

म्हणून माझा आक्षेप कुठल्याही एका आवृत्तीवर राहत नाही. आक्षेप असा की कर्ज मागायला जाताना आपल्याला कोण वाचणार हे आपल्याला ठरवता येत नाही, आणि बहुधा आधी सांगितलेही जात नाही. नाकारले किंवा वाढीव दर लावला तर वापरलेला आकडा कळवण्याची तरतूद २०१० च्या कायद्यात आहे, पण ती निकालानंतरची. परीक्षेचा अभ्यासक्रम निकालपत्राच्या पाठीमागे छापावा तसे हे झाले. तीन आवृत्त्यांनी एकाच बाकीचे तीन अर्थ लावावेत, याला मी मतभेद म्हणून मान देईन. समीक्षकांत मतभेद असावेतच. पण त्यांतल्या एकाचे मत माझ्या तीस वर्षांच्या हप्त्याला चिकटणार असेल, तर त्याचे नाव आधी कळले पाहिजे.

आपल्याकडे 'पत' हा शब्द दोन कामे करतो. गावात पत असणे आणि पतपेढीत पत असणे यांत एकच शब्द आहे, कारण पतपेढीचा संचालक गावातलाच असे आणि त्याला दोन्ही ठाऊक असे. (त्यातून काय काय गैरप्रकार झाले हेही आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा गावाची आठवण फार गोड करायला नको.) इथे आल्यावर आपण नकळत तोच शब्द स्कोरला लावला. स्कोर कमी झाला तेव्हा मला खरोखर अपमान वाटला, दोन दिवस मी मुलीलाही सांगितले नाही. जो अपमान पतीचा होता तो मी युटिलायझेशनच्या टक्क्यावर खर्च केला.

प्रकरण मिटले कसे तेही सांगतो, कारण त्यात या ग्रंथाची सगळी योग्यता दिसते. कर्ज देणाऱ्याकडच्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी 'रॅपिड रीस्कोर' नावाचा मार्ग सांगितला. बिल भरल्याचे आणि बाकी शून्य झाल्याचे कार्ड कंपनीचे पत्र आणायचे, ते कर्ज देणाऱ्यामार्फत ब्यूरोकडे जाते आणि काही दिवसांत रिपोर्ट बदलतो. ग्राहकाला हे स्वतः करता येत नाही, कर्ज देणाराच करू शकतो, आणि असा मार्ग आहे हे त्याने सांगितले नाही तर कळतही नाही. आमचा रिपोर्ट पाच दिवसांत बदलला. माझा मधला आकडा ७८९ आला, हिचा ७८३. त्या बाईंनी फोनवर अभिनंदन केले आणि म्हणाल्या की तुमची क्रेडिट फारच सुधारली.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "अहो, या पाच दिवसांत आपण केलं काय?"

मी आठवून पाहिले. बाजारातून भाजी आणली होती, पाहुण्यांना नेवार्क विमानतळावर सोडले होते, आणि घर आवरायला घेतले होते.

आता आमच्या फ्रिजवर कालनिर्णय आहे, त्यात एकादशीच्या आणि चतुर्थीच्या चौकटींबरोबर तीन कार्डांच्या स्टेटमेंटच्या तारखा लाल शाईने लिहिलेल्या आहेत. स्टेटमेंट निघण्याच्या तीन दिवस आधी मी बहुतेक रक्कम भरतो आणि थोडी बाकी मुद्दाम ठेवतो, कारण सगळीच कार्डे शून्यावर दिसली तरी फायकोला ते थोडे खटकते. ती उरलेली रक्कम मुदतीच्या आत भरतो, व्याज एक सेंटही जात नाही. चौथी लाल तारीख महिन्याच्या १९ ला आहे. ते हिच्या स्वतःच्या नावावरचे कार्ड, मागच्या वर्षी घेतलेले, मर्यादा ३,०००. त्याचे बिल ती स्वतः भरते.